जोत्यातला चौथा पाईप

लातूर
दि. ४ मार्च १९८७

चि. पंचफुला माय,

जयभीम अन् लई लई आशीर्वाद. मी अन् तुझा भाऊ रामकिशन मजेत हाव. तुला दवाखान्यात नर्सची ड्युटी जड असंल, पण वेळेवर जेवत जा.

अक्षर पाहून दचकू नको. हे रामकिशनचं न्हाई, माझं हाय. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले. वेलांट्या चुकतेत, पण तुला दुसऱ्याच्या हातानं लिवायचं नव्हतं.

आता खबर ऐक. तुझी माय घर बांधून राहिली! लातुरात, स्वतःच्या पलाटावर! जिल्हा झाल्यापासून साहेबलोकांच्या क्वार्टरांची घमेली वाहिली. परवा आपल्या घराचं पहिलं घमेलं डोक्यावर घेतलं तर वजनच लागंना.

लिंबाजी मिस्त्री जोतं भरायला निघाला तशी मी आडवी आले. म्हणलं, "आधी भोकं, मग भिंत."

तो म्हणला, "नागुबाई, भोकं मागून बी पाडता येतात की."

"येतात तर! अन् पाडायला छिन्नी घेऊन मीच बसते," म्हणलं. एका साहेबाचं नवंकोरं घर होतं. नळासाठी मागून जोतं फोडलं तर तडा थेट खिडकीपर्यंत गेला. साहेबीण रडली. माझ्या घराला तसं होऊ द्यायचं न्हाई मला.

मग मीच चुन्याच्या फक्कीनं रेघा मारल्या. नळ रस्त्याकडून येणार. मोरी-संडासाचं पाणी मागून शोषखड्ड्यात जाणार. चांगलं अन् घाण पाणी एका चरात घालायचं न्हाई, एक पाईप फुटला की घरदार आजारी. वायर खांबाकडून सरळ येणार, शेजारच्या शिवकांताबाईच्या पत्र्यावरून न्हाई. उद्या तिनं माडी चढवली तर भांडण कोणी करावं? लिंबाजी कंबरेवर हात ठेवून बघत होता. म्हणला, "इंजिनियरच झालीस की गं!" लई बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

दुष्काळ लई हाय. टँकर चार दिवसाआड येतो. जोत्यावर बारदाना टाकून भांडी विसळलेलं पाणी मारायचं ठरवलंय. लिंबाजी हसतो, "नळाला थेंब न्हाई अन् नळाची वाट आधी!" म्हणलं, "दुष्काळ काय जन्माला पुरतो? पाणी येईल तवा त्याला वाट नको?"

तीन पाईप बसले. मग मी चौथा आणला, बारका. बाहेरच्या अंगाला उतार दिला, तोंडात चिंधी कोंबली. लिंबाजी म्हणला, "अन् ह्यो?"

"फोनचा."

थापी टाकून खालीच बसला की तो! शिवकांताबाई पळत आली. "तुला कोण गं फोन करणार? कलेक्टर?" मी पाईपातली चिंधी अजून आत कोंबली.

तुला सांगते, माय. किनवटला तुझ्या दवाखान्यात फोन हाय म्हणं. सहा वर्षं झाली, तुझा आवाज ऐकला न्हाई. माझ्या पत्रांना तू उत्तर देत न्हाईस, कारण ती दुसऱ्यानं लिवलेली असायची अन् त्यात खरं काही नसायचं. आज खरं लिवते.

बहात्तरच्या दुष्काळात तुझे बापू गेले अन् मी तुला वसतिगृहात ठेवलं. रामकिशन अंगावर पिणारा होता म्हणून त्याला नेलं. "आठ दिवसात येते," असं मी तुला म्हणलं. ते खोटं होतं. म्हणतानाच मला ठाऊक होतं. खडी फोडायच्या कामावर तुला नेलं असतं तर तुझ्या बी हातात हातोडा आला असता.

मी एकदा आले होते. कुंपणापाशी उभी राहिले. तू ओळीत बसून भात खात होतीस, बाजूच्या पोरीशी हसत होतीस. हाक मारली असती तर तू पदर सोडला नसतास, अन् मी तुला ठेवून आले नसते. तशीच खडीच्या कामावर परत जायला भोकरच्या गाडीत बसले. तू मात्र दाराकडं बघत राहिलीस, मी परत येईस्तोवर दीड साल. ते मी केलं. माझं चुकलं का बरोबर होतं, मला अजून कळंना. पण नर्सच्या कपड्यातला तुझा फोटो मी साऱ्या गल्लीला दाखवलाय.

फोनसाठी नंबर लावून आले. कचेरीतला माणूस म्हणला, "बाई, आठ वर्षं लागतील." म्हणलं, "लागू द्या." पोरीनं आठ दिवसाचं दीड साल मोजलं, मी आठ वर्षं मोजीन.

रविवारी जोतं भरणार. चौथा पाईप तुझ्या खोलीत निघतो. हाव, तुझी खोली हाय. बुद्धपौर्णिमेला घरात जायचं हाय. आलीस तर फोनची वाट बघावी लागणार न्हाई.

आठ दिवसात येते म्हणून गेलेली,
तुझी माय
नागुबाई