नेहमीसारखं वागण्याचा प्रयोग

तीर्थस्वरूप आत्येस,

साष्टांग नमस्कार. (खोलीत दोन खाटा, दोन टेबलं आणि माझ्या सोबत्याची व्यायामाची वजनं आहेत. साष्टांगाला जागा नाही, तेव्हा खुर्चीवरूनच गोड मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना कुरकुरतो म्हणाली होतीस. मी आता जीवशास्त्राचा विद्यार्थी, त्यामुळे गुडघ्यावर अधिकाराने चार शब्द लिहिले असते, पण आम्ही अजून गांडुळापर्यंतच पोचलो आहोत आणि गांडुळाला गुडघे नसतात. डॉक्टरलाच दाखव. मी इथे अगदी मजेत आहे.

फोन सोडून पत्र का, असं विचारशील. फोनवर तू "बरं, बरं" म्हणून ठेवून देतेस, आणि बाबा आले की फक्त "का?" विचारतात. त्या "का"पुढे माझी बोबडी वळते. सगळं घर मला दुकानात बसवायला निघालं होतं तेव्हा तू एकटी म्हणालीस, की जाऊ द्या त्याला, नाहीतरी लहानपणापासून किडे-मुंग्याच बघत बसतो, आता पदवी तरी मिळेल. तेव्हा पदवीचं काम झकास चाललंय, हे आधी तुझ्या कानावर घालणं माझं कर्तव्य आहे.

अभ्यास तसा सोपा आहे. सुरुवात अमिबापासून झाली. तो एकटा राहतो, एकटा जेवतो आणि कंटाळा आला की सरळ दोन होतो. मला ही सोय फार आवडली. वर्ग मोठा आहे, पण प्रात्यक्षिकाला सगळे जोडीजोडीने बसतात आणि आमची संख्या विषम आहे (ती कुणामुळे विषम झाली, हे तुझ्या लक्षात आलंच असेल). त्यामुळे सूक्ष्मदर्शक मला एकट्याला मिळतो. लोक यासाठी भांडतात, आत्या. मला न भांडता मिळाला. फक्त एखादी पेशी फारच सुंदर दिसली तर "ए, हे बघ" म्हणायला शेजारी कुणी नसतं. मग मीच पुन्हा एकदा बघतो.

आता मूळ हकिकत. आम्हाला सूक्ष्मजीव शिकवणाऱ्या बाईंना मुलं सूक्ष्मबाई म्हणतात. (देहयष्टीशी या नावाचा काही संबंध नाही, उलटच आहे.) साथ कशी पसरते हे दाखवण्यासाठी त्यांनी मागच्या महिन्यात वर्गातल्या एका लोकप्रिय मुलाच्या तळहाताला गुपचूप एक भुकटी चोळली. ती साध्या डोळ्यांना दिसत नाही, पण जांभळ्या दिव्याखाली चमकते. जेवणाच्या सुट्टीनंतर पडदे ओढले आणि एकेकाला दिव्याखाली उभं केलं. सगळा वर्ग काजव्यांसारखा लुकलुकायला लागला. कुणाचे खांदे, कुणाचे कान, कुणाचा डबा. एकीच्या गालावर तर चार बोटं लख्ख उमटली होती, तिथून बाईंनी दिवा चटकन पुढे सरकवला. शेवटी माझी पाळी आली. हात, बाह्या, डोकं, सगळं कोरं. मी म्हणजे अगदी धुतल्या तांदळासारखा. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, "हा आपला कंट्रोल. ज्याला काहीच झालेलं नाही असा एक जण प्रयोगात लागतोच. त्याच्यामुळे बाकीच्यांना काय झालं ते कळतं." तेव्हापासून माझं नाव कंट्रोल. चला, नाव तरी मिळालं, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आत्या. सकाळपासून मला कुणाचा साधा धक्काही लागला नव्हता, हे सगळ्यांनी दिव्याच्या उजेडात पाहिलं.

परवा प्रयोगाचा दुसरा अंक झाला. सकाळी बाईंनी मला बाजूला बोलावलं आणि भुकटी माझ्याच हाताला चोळली. म्हणाल्या, "तुम्ही फक्त नेहमीसारखं वागा. रोगी फारसा कुणात मिसळत नसला तर साथ जागच्या जागी विझते, ते दाखवायचंय. फार तर दोघा-तिघांना लागेल." माझं टाळकंच सरकलं. दोघा-तिघांना म्हणजे काय? आपलं घराणं दुकानदारांचं. वाटेवरच्या माणसाला हाक मारून आत बसवणारी माणसं आपण. मी ठरवलं की आज साथ आणायचीच.

मी दारात उभा राहून येईल त्याच्याशी हस्तांदोलन करत सुटलो. एकाला वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या (त्याचा वाढदिवस नव्हता). रसायनशास्त्रात गटांगळ्या खाल्लेल्या एकीचं सांत्वन केलं. तिला तोवर निकाल माहीत नव्हता, तो माझ्याकडून कळला. सूक्ष्मबाईंचेसुद्धा, उत्तम शिकवता म्हणून, दोन्ही हात धरले. शेवटी माझ्या सोबत्याचा हात हातात घेतला. महिनोन् महिने एका खोलीत राहून आम्ही कधी हात मिळवला नव्हता. तो हात न सोडता म्हणाला, "काय रे, कायमचा निघालास की काय?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी त्याचा हात आणखी जोरात दाबला. झालं, कंट्रोल कॉलेज सोडून चाललाय अशी आवई उठली आणि ती भुकटीपेक्षा वेगाने पसरली. सुट्टीत माझ्याभोवती ही गर्दी जमली. कुणी विचारतंय, घरी सगळं ठीक आहे ना? कुणी म्हणतंय, अरे, आधी बोलायचंस तरी. ज्यांची नावं मला माहीत नव्हती त्यांनासुद्धा मी कुठे बसतो ते ठाऊक होतं.

दुपारी पडदे ओढले आणि वर्गात दिवाळीच झाली. सगळा वर्ग चमकत होता. बाईंचा चष्मा, खडू, फळ्याची कडसुद्धा. बाई चिडल्या. मी नेहमीसारखा वागलो नाही, म्हणून प्रयोग बाद. पुन्हा करायचा, आणि अहवाल मी एकट्याने लिहायचा. मी मान खाली घालून जागेवर परत निघालो, तर मागून माझा सोबती म्हणाला, "बाई, त्याच्या पाठीवर बघा." माझ्या शर्टावर मागे पंजे उमटले होते. एकावर एक, बरेच. मी लावलेली भुकटी माझ्याकडेच परत आली होती. आपली पाठ आपल्याला दिसत नाही, आत्या, त्यामुळे मी ते पाहिलेले नाहीत. अंधारात मला रडू आलं, ते मात्र दिव्याखाली चमकत नाही, हे शास्त्राचे उपकार.

असो. थोडक्यात, माझं उत्तम चाललंय. गुडघ्याला शेक देत जा. घरातल्या मोठ्यांना नमस्कार, लहानांना टपली.

तुझा भाचा,
कंट्रोल

ता. क. एक बारीकसं काम होतं. प्रयोगाच्या आदल्या दिवशी मी बाबांना फोन करून सांगितलं होतं, की मला इथे राहायचं नाही, रविवारी रिकामी ट्रंक घेऊन न्यायला या. ते नेहमीप्रमाणे "का?" म्हणाले, मी काहीच बोललो नाही, मग म्हणाले, "येतो." त्यांना थांबव. काय सांगायचं ते तू बघ, मला फोनवर जमणार नाही.

ता. क. २. नको, थांबवू नकोस. फक्त ट्रंक घरी ठेवायला सांग. भेटायला या, एवढंच मला म्हणायचं होतं. ते तोंडातून निघेना, म्हणून न्यायला या म्हणालो.