छत, भाऊ आणि मधली गाडी

चि. पान्यास, तुझ्या दादाचे अनेक आशीर्वाद. वहिनीचेही समज, जरी ती सध्या माझ्याशी कामापुरतंच बोलत असली तरी.

तुझी पाठ कशी आहे? लेकीकडे तरी डॉक्टरांचं ऐकतोस ना? जावईबापूंची गाडी वळताना करकरते म्हणे, आणि तू खिडकीत बसून ते ऐकतोस, पण उठून बघत नाहीस. हे लेकीनेच फोनवर सांगितलं. तिच्यावर रागावू नकोस, सांगताना तिचा आवाज बरा नव्हता. इकडे आम्ही दोघं ठीक. (माझा रक्तदाब वाढलेला आहे, पण तो मला मिसरूड आणि मतं फुटली तेव्हापासून वाढलेलाच आहे.)

आता मुद्द्यावर येतो. घराखालच्या तुझ्या गॅरेजात मी गाडी उचलायची लिफ्ट बसवली आहे. पत्र बाजूला ठेवू नकोस, पुढे वाच. गाडीखाली पाठीवर सरपटत जाणं डॉक्टरांनी तुला कायमचं बंद केलं, तेव्हाच माझ्या मनाने घेतलं होतं की माणसाला खाली जाता येत नसेल तर गाडीने वर गेलं पाहिजे. जन्मभर व्यासपीठावरून मी दुसरं काय सांगितलं? राबणाऱ्याने का वाकायचं? यंत्राने वाकावं! (या वाक्याला हमखास टाळ्या पडायच्या. घरी पडल्या नाहीत. वहिनी म्हणाली, "अहो, मग गाडीसमोर तासभर भाषण ठोका. ती आपणहून उठून जाईल. लिफ्ट कशाला?")

मी काहीही आंधळेपणाने करत नाही, हे तू जाणतोस. लिफ्टवर मिळेल ते वाचून काढलं, समासात टिपणं केली, आणि दुकानात जाऊन चार खांबी लिफ्टवर तुटून पडलो. चार खांबी लिफ्टवर गाडी आपल्या चाकांवर उभी राहते. म्हणजे वर जाऊनही जमीन सुटली नाही या भ्रमात! शिवाय चाक काढायचं तर पुन्हा जॅक लावा. उलट दोन खांबी लिफ्ट गाडीच्या पोटाखाली चार हात घालून उचलते, चाकं मोकळी लोंबतात, खाली सगळं उघडं. लपवालपवी नाही. मी आवाज चढवून हे सांगत होतो, एक गिऱ्हाईक तर दारातूनच परत गेलं. दुकानदार म्हणाला, "काका, गाडी उचलायचीय की मोर्चा काढायचाय?"

त्याने मापं आणायला सांगितली. मी छताची उंची मोजली. खुंटीवरच्या तुझ्या ओव्हरऑलला खांद्यावरचं डोकं अंदाजाने जोडून तुझी उंची काढली. वजाबाकी केली तर वर ऐसपैस जागा उरत होती. दुकानदार जागा बघायला आला, त्याने कागद वाचला, उलटून पाठीमागे पाहिलं आणि म्हणाला, "काका, छत आहे, भाऊ आहे. गाडी कुठेय?"

(हसलास का? हसला असशील तर लेकीला सांग, तिने मला कळवावं.)

मधली गाडी धरली तेव्हा हिशेब उघडा पडला: ती छताला टेकेपर्यंत वर नेली तरी खाली उभ्या माणसाचं डोकं तिला आपटणार. मी तडक छत फोडून उंच करायचा ठराव मांडला. वहिनीने विचारलं, छताच्या वर काय आहे? वर तुम्हा नवराबायकोची खोली आहे. धाकटी शेवटची इस्पितळात जाताना खोली ठेवून गेली तशीच आहे, चष्मासुद्धा उशीपाशी. "तिथली वीटही हलणार नाही," वहिनी म्हणाली. मी कित्येक सभा उधळून लावल्या, पान्या, पण ठराव मुकाट मागे घेतला.

दुकानदाराने तोड सुचवली. बुटक्या चाकांच्या स्टुलावर बसून काम करता येईल, पाठ ताठ राहील, हात बरोबर पोचतील. मग त्याने सहज विचारलं, "काम करणार कोण?" वहिनी म्हणाली, "आमचे भावजी." "कुठे आहेत?" "लेकीकडे." "कधी येणार?" माझ्यावर भर चौकात अंड्यांचा मारा झाला तेव्हाही मला उत्तर सुचलं होतं. या वेळी मी मापाची टेप गुंडाळत बसलो.

मग फरशीला भोक पाडून पाहिलं तर काँक्रीट पापुद्र्याएवढं, खाली माती! (पाया पोकळ असतो, हे मी समाजाबद्दल बोलत आलो होतो, घराबद्दल नाही.) दोन्ही खांबांच्या जागा खोदून नवं काँक्रीट भरायचं ठरलं, म्हणून धाकटीची गाडी अंगणात काढावी लागली. गिअरबॉक्स तू काढून टेबलावर ठेवलास तसाच तिथे आहे, तेव्हा गाडी ढकलावी लागली. शेजारच्यांनी ढकलली. स्टिअरिंगवर वहिनी बसली. तिला गाडी चालवता येत नाही, कुंपणाला घासलीसुद्धा, पण जावेच्या जागेवर ती दुसऱ्या कुणाला बसू देईना. उतरल्यावर तिने दार हळूच लावलं.

आता काँक्रीट मुरलं आहे, खांब उभे आहेत आणि गाडी वर आहे. अडचण एवढीच की ती खाली येत नाही. मी खाली आणायची दांडी ओढतो, ती जागची हलत नाही. माझ्यासारखीच हट्टी निघाली. या विषयातलं कुणीतरी जाणतं माणूस येऊन बघेल तर बरं. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
दादा

ता. क. वर लिहिलेलं पूर्ण खरं नाही. गाडी खाली आणायची तर आधी ती जराशी वर उचलायची, म्हणजे अडकवलेली लॉक सुटतात, मग दांडी ओढायची, हे दुकानदाराने मला पहिल्याच दिवशी शिकवलं. वहिनी बाजारात गेली असताना मी करून पाहिलं. लोण्यासारखी उतरली. मग मी ती परत वर चढवली.

ता. क. दुसरं. वहिनीने पत्र वाचलं. म्हणाली, "एवढं लांबण लावलंत, पण भावजींना घरी या म्हणून कुठे लिहिलंय?" चष्मा लावून दोनदा शोधलं. नाही लिहिलेलं. म्हणून आता लिहितो. घरी ये, पान्या. गाडीला हात लावावासा वाटला नाही तर लावू नकोस. गॅरेजात नुसता बस. मी शेजारी बसेन. बोलणार नाही.