पिवळा रंग

आई,

तू असताना आपण एकाच घरात राहत होतो, त्यामुळे तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. आता लिहितेय ते तुझ्या विद्यार्थिनीबद्दल. जळगावच्या कॉलेजात तुझ्याकडे पीएच.डी. करणारी, धुळ्याकडच्या खेड्यातून आलेली ती मुलगी. दर रविवारी ती होस्टेलवरून आपल्याकडे जेवायला यायची. तू तिच्यासाठी कळण्याची भाकरी थापायचीस आणि तिच्याशी अहिराणीत बोलायचीस. "जमनं का, पोरी?" तू विचारायचीस. "जमनं, बाई. बठ्ठं कोरडं शे," ती सांगायची, म्हणजे सगळं कोरडं आहे, कारण तुमच्या प्रयोगाला पाण्याचा थेंबही चालायचा नाही, आणि तुम्ही दोघी हसायचात. माझ्याशी तू कायम शाळेतली मराठी बोललीस. मी बारावीला रसायनशास्त्रात जेमतेम पास होऊन कॉमर्स घेतलं, तेव्हा तू रागावलीही नाहीस. तेच मला जास्त लागलं.

तुमचं काम तू मला एकदाच समजावलंस, शेंगा सोलता सोलता. एका टोकाला साखर आणि दुसऱ्या टोकाला चरबीचं लांब शेपूट, असा रेणू तुम्हाला बनवायचा होता. लस घेतलेली नसो, आजार झालेला नसो, माणसाच्या रक्तात काही अँटिबॉडी असतातच. पोटातल्या जंतूंच्या अंगावरच्या साखरांमुळे त्या लहानपणीच तयार होतात. त्यांनी तुमची साखर ओळखायला हवी होती. पण ती शेपटाला उलट बाजूनं जोडली गेली, की त्या तिला ओळखत नाहीत, आणि दोन वर्षं ती उलटीच जोडली जात होती. मग एका दुपारी तू काचेची कुपी घेऊन घरी आलीस. खिडकीशी धरून आतली पांढरी भुकटी दाखवलीस आणि म्हणालीस, "पोरीने केलं." मी समोरच उभी होते. तुझी पोरगी म्हणजे मीच, असं मला तोवर वाटत होतं.

तपासणीला रक्त हवं होतं. तुझं, बाबांचं, तिचं, माझं आणि तुझ्या कॉलेजातल्या दोघांचं घेतलं. धुळ्याला तुझ्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये तू ते घेऊन गेलीस. ज्या रक्ताला रेणू ओळखू येईल, तिथे पिवळा रंग येणार होता. संध्याकाळी तू एस.टी.नं परत येतेस, चपलासुद्धा काढत नाहीस, सरळ माझ्याकडे येऊन सुई टोचली होती तिथे हात ठेवतेस. "सगळ्यात गडद रंग तुझा. तुझ्या रक्ताला बरोबर कळलं." मला बाकी काही ऐकू येत नाही. पुढचे चार दिवस मी घरात कशी वावरत होते, ते तुझ्या लक्षात आलं होतं का?

रविवारी ती जेवायला आली. तपासणी पुन्हा करायला हवी, एकदाच्या रंगावर कोणी विश्वास ठेवणार नाही, असं तू सांगत होतीस. आणि जमलं तर पुण्याच्या परिषदेत निबंध तीच वाचणार होती. माझ्याकडे वळून ती म्हणाली, "ताई, तुमचं रक्त परत लागेल." मी नाही म्हणाले. सुईची भीती वाटते, म्हणाले. ते खोटं आहे हे तुला लगेच कळलं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि म्हणालीस, "बरं. रक्त तुझं आहे."

बाकीच्यांच्या रक्तावर पुन्हा करून पाहिलं, तर रंग फिकाच आला. एवढ्यावर काही सांगता येत नाही, असं लिहून परिषदेनं निबंध परत पाठवला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं, कुपी तुझ्या टेबलाच्या खणात राहिली आणि तू तो विषय सोडलास. मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. एकदा मी न सांगता धुळ्याच्या लॅबमध्ये रक्त द्यायला निघाले होते. बस लागलेली होती. मी स्टँडवर उभी राहिले, ती सुटली, आणि मी घरी आले.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. ती आता धुळ्यात शिकवते, लवकरच निवृत्त होईल. बाईंच्या प्रयोगाच्या वह्या असतील तर ते काम तिला एकदा पुरं करून बघायचंय, म्हणाली. मी तिला सांगितलं, घर बदलताना गेल्या कुठेतरी. त्या माझ्या कपाटात आहेत, आई, सातही. हे पत्रही त्यांतच ठेवतेय. मला त्यांतलं एक पानही कळत नाही, तरी तिला देववत नाहीत.