नकळत सुटून पडला असावा

मुलुंड (पूर्व),
सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

चि. देवदत्त यास,
जयंतीताईचे आशीर्वाद.

तुझी लेक निधी आणि बाळ सुखरूप असल्याचे दीप्तीने नाशिकहून कळविले. फार आनंद झाला. बाळाचे नाक तुझ्या-माझ्या आईसारखे आहे म्हणे. तिकडे थंडी पडू लागली असेल, कानटोपीशिवाय फिरायला जाऊ नकोस. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू माझे वाक्य पुरे होऊ देत नाहीस, आणि आजची वाक्ये पुरी व्हायला हवी आहेत.

भाऊबीजेला ओवाळून झाले आणि पाटावरून उठण्याआधीच तू काम सांगितलेस. येत्या रविवारी परिसरातील सोसायट्यांच्या समारंभात आपल्या वसाहतीला 'सर्वांत सुरक्षित वसाहत' हा मान मिळणार, अध्यक्ष म्हणून तू तो स्वीकारणार, आणि त्याआधी मी आकडेवारीचा अहवाल वाचायचा. "ताई, चौतीस वर्षं पोरांना स्टॅटिस्टिक्स शिकवलंस, आता दोन पानं भावासाठी लिही ना." अहवाल पूर्ण झाला आहे. तो तुला आवडणार नाही. का, ते क्रमाने सांगते; विषय मोठा सुंदर आहे.

गुन्ह्यांचा दर काढताना नोंदलेल्या गुन्ह्यांना लोकसंख्येने भागतात. माझे विद्यार्थी नेहमी छेदात अडकत, आणि मी त्यांना म्हणे, बाबांनो, आधी अंशाकडे पाहा. अंशात फक्त नोंदी येतात. ज्याची नोंद नाही ते त्या गणितात घडलेलेच नसते. आणि पोलिसांची गस्त कोठे घालायची हेही पुष्कळदा त्याच नोंदींवरून ठरते. आपल्या वसाहतीच्या नावावर वीस महिन्यांत चोरीची नोंद एकच. तेव्हा सरकारी कागद पुरे न मानता दारोदार विचारून पडताळा घ्यावा, असे मी ठरविले. दोनशे बारा घरे, सात दिवस, एक वही. "तुमची चोरी झाली का?" असे मी कोठेही विचारले नाही, त्या प्रश्नाला सगळ्यांचे उत्तर "नाही हो, हरवलं" असे पाठ होते. मी विचारले, "वस्तू गेली तेव्हा जवळून मोटारसायकल गेली होती का?" आणि लोक बोलू लागले. प्रश्न नीट बांधला की माणसे किती मोकळी होतात!

घटना निघाल्या चौदा. त्यांतील अकरा मागच्या फाटकाच्या गल्लीत, सकाळी साडेसहा ते सव्वासातच्या दरम्यान. आणि त्या सगळ्या, पुनर्विकासासाठी येणाऱ्या बिल्डरच्या माणसांवर छाप पडावी म्हणून तू तिथला वॉचमन पुढच्या फाटकावर नेलास, त्यानंतर. तीन घरांनी कोठेच कळविले नाही. एकाने हट्टाने चोरीच लिहवून घेतली. उरलेल्या दहांनी पोलिसांकडे वस्तू गहाळ झाल्याचे अर्ज दिले होते. त्यांच्या प्रती लोकांनी जपून ठेवल्या होत्या. मी त्या जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडल्या.

देवदत्त, नऊ अर्जांत एकच वाक्य आहे, वस्तूचे नाव तेवढे बदललेले, आणि दहाव्यात त्याचा शेवट. 'भाजी घेऊन पिशवी खांद्यावर चढवीत असता गळ्यातील गोफ नकळत सुटून पडला असावा.' अर्धांगाने ज्यांचा हात छातीच्या वर जात नाही, त्या कुंडलिकरावांनीही पिशवी खांद्यावर चढवली आहे. कॉलेजातल्या रुचिराच्या अर्जात 'गोफ' खोडून 'मोबाईल' केले, पण आधीचा शब्द राहिला. त्यामुळे तिच्या 'गळ्यातील मोबाईल' सुटून पडला आहे. मी मोठ्याने हसले. मग हसू थांबले, कारण ते वाक्य माझे आहे.

गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीत माझा गोफ ओढला गेला, मानेवर वळ उठला होता, आणि तू धावत आलास. "ताई, चोरी कशाला लिहितेस? बिल्डरवाले पुढच्या आठवड्यात येतायत. कॉलनीचं नाव खराब झालं की वाट लागली. हरवला म्हणून दे." मी दिले. इतकेच नव्हे, सुबक वाक्य जमले म्हणून मनातून सुखावलेही. तू त्याची प्रत मागितलीस. का, ते मी विचारले नाही. आकडेवारी शिकविलेल्या बाईने पहिली नोंद आपल्या हाताने खोटी केली, आणि त्या खोटेपणावर तू नऊ छापे काढलेस.

दहाव्या अर्जाबद्दल लिहायचे मी दोन पाने टाळते आहे.

तो शकुचा आहे. आपली शकु, तीस वर्षे माझ्या शेजारच्या दारात राहिली, तिच्या सोलकढीसाठी तू वाटी घेऊन येत असस. ऑगस्टमध्ये ती त्याच गल्लीत पडली आणि बाराव्या दिवशी इस्पितळातच वारली. चक्कर आली, असे तू सगळ्यांना सांगितलेस. मला तिने निराळे सांगितले होते. "दोघे होते गे बाय. मागच्यान वढलान. मी सोडूक नाय." डोक्याला मार लागलेल्या बाईचे बोलणे, म्हणून मी ते मनावर घेतले नाही, तेही माझ्याच खाती. तिच्या देवेशने मला प्रत दाखविली. 'चक्कर येऊन पडल्या, बोरमाळ नकळत सुटून पडली असावी.' अक्षर तुझे. तिसऱ्या दिवशी इस्पितळाच्या जिन्यात त्याची सही घेतलीस. त्याने वाचले नव्हते. काकांनी लिहिले म्हणजे बरोबरच असणार.

शनिवारी आम्ही सगळे पोलीस उपायुक्तांकडे गेलो. बाई हुशार आहेत. घटनांचा मी काढलेला नकाशा त्यांनी दोनदा समजावून घेतला आणि तिसऱ्यांदा मलाच त्यातली एक चूक दाखविली. दहाही नोंदी आता चोरीच्या झाल्या आहेत. तुझ्या हस्ताक्षराचा नमुना हवा होता, तोही मीच दिला: वसतिगृहातून तू आईला लिहिलेली दोन पत्रे. अक्षर मुळीच बदललेले नाही. माझ्या जबाबात, पहिला खोटा अर्ज माझा, हे पहिल्या ओळीत आहे. मला वगळावे असे मी कोणालाही म्हटले नाही. अहवालाच्या प्रती काल दोनशे बारा दारांत सरकविल्या, एक बिल्डरला पाठविली. समारंभ रद्द करू नये, अशी मी आयोजकांना विनंती केली आहे. दहाही जण पहिल्या रांगेत बसतील.

हा सूड आहे का, असे तू विचारशील. आहे. इतके व्यवस्थित काम मी आयुष्यात दुसरे केलेले नाही.

फिर्यादीची प्रत हातात आली तेव्हा देवेश बराच वेळ ती वाचत उभा होता. मग म्हणाला, "काकू, आईला मारलं, असं लिहिलंय आता." आणि त्याने ती घडी न घालता, तशीच सरळ धरून घरी नेली.

उत्तर मला पाठवू नकोस. ते आता पोलिसांना द्यायचे आहे.

फिर्यादी क्रमांक एक,
जयंती