एकच चूल

माय, तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा धाक अजून घरात चालतो. यंदा त्या धाकानं वहिनीच्या धाकट्या सुनेचं सरकारी घरकुल गिळलं. म्हणून लिहितेय, आणि रागानंच लिहितेय.

दादाच्या घरात आता तीन चुली आहेत. वहिनीची आत, थोरल्याची पडवीत आणि धाकट्याची गोठ्यात. गुरं विकल्यापासून धाकटा, त्याची बायको आणि तान्ही पोर तिथंच राहतात. पत्रा गळतो, पोर सारखी खोकते. घरकुलाच्या पाहणीला पंचायतीचा माणूस आला. त्यानं विचारलं, "घरात चुली किती?" सून तोंड उघडणार, तेवढ्यात वहिनी पुढं झाली. "एकच चूल शे, भाऊ. आम्ही बठ्ठा संगेच जेवतस." वर त्याला चहा पाजला. एक कुटुंब, पक्कं घर, असं मोबाइलमध्ये टाकून तो गेला.

मी धरणगावच्या कचेरीत जाऊन भांडले. साहेब म्हणतो, "मावशी, तुमच्या गावची वस्ती तर वाढलीच नाही. नवी घरं कुणाला हवीत?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "पोरं सुरतला गेली, त्यांच्या घरांना कुलपं आहेत. लेकरंही कुणाला फार होत नाहीत. पण पूर्वी अख्खं एकत्र खटलं एका चुलीवर जेवायचं, आता प्रत्येक जोडप्याचं वेगळं शिजतं. डोकी तेवढीच आहेत, संसार वाढले. ते कुठं मावायचे?" तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या वहिनींनीच एक चूल सांगितली."

मी लहान, आत्याला बघायला पाचोऱ्याचे पाहुणे आलेत, आठवतं? तू भाकरी थापतेयस. पाहुणी बाई मला जवळ घेते आणि मी फुशारकीनं सांगते, काकूचं मागं वेगळं शिजतं. पाहुणे जाताच तुझा पिठाचा हात माझ्या गालावर बसतो. "फुटेल घरनी पोर कोनी करत नही! कोनी इचारं तं एकच चूल सांगानी!" आत्याचं ते स्थळ मोडलं, हे खरं. पुढं वहिनी लग्न होऊन आली, तेव्हा तिलाही तू हेच पढवलंस. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणायचीस. आता मूठ झाकून त्या पोरीनं गोठ्यात किती पावसाळे काढायचे? तुझी अब्रू तुझ्यापाशी ठेव, माय. मला त्या अब्रूचा संताप येतो.

हे वहिनीला वाचून दाखवायचं ठरवलं होतं. पत्र घेऊन गावी जाणार, तर काल जळगावच्या माझ्या घरी शेजारीण आली. वरच्या मजल्यावर माझ्या सुनेच्या कुकरची शिट्टी झाली. तिनं वर बघत विचारलं, "सून वेगळी झाली का हो?"

"छे," मी म्हणाले, "एकच चूल आहे आमची."

गावी गेले नाही. पत्र इथंच ठेवलंय.