उंचीची पट्टी

६ जानेवारी २०२५, सोमवार

पोकळ चांदीचे वाळे असायचे तेव्हा, आत बारीक खडे घातलेले. मूल चाललं की खुळखुळ व्हायची. आईला चुलीपुढून उठावं लागत नसे, पोर कुठल्या खोलीत आहे ते आवाजावरून कळायचं. आमच्या अश्लेषाच्या पायांत तसे होते. त्याला पन्नास वर्षं झाली. आज इंदापूरच्या स्टँडवरून जीपनं इथं आलो, या निळ्या लोखंडी डोंगराखाली मान वर करून उभा राहिलो, आणि ती खुळखुळ अगदी कानाशी ऐकू आली. वारा असेल. नाहीतर वय.

बाकी स्वागत झोकात झालं. या करमणूक-नगरीचा मालक ऋषिराज बारामतीला नववीत माझ्या वर्गात होता. सगळ्यांदेखत वाकून पाया पडला. म्हणाला, सर, कवितेच्या पेपरात मला कधी पास केलं नाहीत, आता तुम्हीच माझ्या कोस्टरवर लिहायचं. रांगेत ताटकळणाऱ्यांनी वाचायच्या पाट्या हव्यात, रोलर कोस्टरचा इतिहास आणि रचना, चांगल्या मराठीत. सव्वीस तारखेला उद्घाटन. राहायला फलाटामागेच खोली दिली आहे. सुधा गेल्यापासून बारामतीच्या घरात भिंतींशीच बोलत होतो. म्हटलं, चला, वयाच्या ऐंशीव्या वर्षी पुन्हा नोकरी.

खिडकीतून उजनीचा फुगवटा दिसतो. अग्निपंख उतरलेत, गुलाबी रेघ ओढल्यासारखे. माझी पहिली शाळा त्या पाण्याखाली आहे, शाळेला लागून असलेली आमची खोलीसुद्धा. लोक इथं येतील, फोटो काढतील, काय सीन आहे म्हणतील. म्हणोत बापडे.

८ जानेवारी, बुधवार

आज शिष्य झालो. गुरू रणजित, कोस्टर चालवणारा, सोमेश्वरनगरचा. त्याचं तोंड दिवसभर चालू. म्हणाला, गाडीला इंजिन नसतंच सर, साखळीनं वर ओढायची आणि सोडून द्यायची. तुमच्या मास्तरकीसारखं, एकदा कायम केलं की पेन्शनपर्यंत उतारच. मी हसलो. खोटं नव्हतं.

इतिहास असा: रशियात बर्फाच्या टेकड्यांवरून लोक घसरत. पुढं अमेरिकेत लाकडी सांगाडे उभे राहिले. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी कुणाला पोलादी नळीचा रूळ वाकवायचं सुचलं, तेव्हापासून रूळ हवा तसा वळू लागला. उलटं फिरवणारं कडं आधी गोल करीत, त्यात माणसांच्या माना आखडत. मग ते थेंबाच्या आकाराचं केलं. आमची अश्लेषा गेली त्याच सुमारास हे शहाणपण आलं म्हणे. डोळ्यातून ओघळायच्या आधी थेंब जसा लोंबतो, तसं हे कडं उभं आहे. हे वाक्य पाटीवर घेईन. ऋषिराज खोडेल.

चाकंही तीन बाजूंनी: वरून, कडेनं आणि खालून. गाडीनं रूळ सोडू म्हटलं तरी सुटत नाही.

शिवाय पहिल्या चाचण्यांचा खडखडाट आसपासच्या वस्त्यांवर जाऊन तक्रारी आल्या, म्हणून रुळाखालची जाड पोकळ नळी आणि तिचे खांब वाळूनं भरले आहेत. परदेशातही असंच करतात. आवाज वाळूत मुरतो. मी नळीला कान लावून पाहिला. थंड होती. आत कुठंतरी वाळू अजून बसत असावी.

१० जानेवारी, शुक्रवार

रचनेतली एक गंमत कळली. भरलेली गाडी जोरात धावते, रिकामी मंद. थंडीत तर रिकामी गाडी शेवटच्या चढाला अडकेल की काय असं वाटतं, म्हणून पहाटेच्या पहिल्या फेरीला रणजित श्वास धरून बसतो.

आज ती रिकामी फेरी बघायला गेलो होतो. गाडी सणसणत आली. रणजितनं तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, आयला, भरल्यागत आली की.

वंगण नवं असेल, असं त्याचं त्यानंच ठरवलं.

१२ जानेवारी, रविवार

फलाटाच्या पायऱ्यांपाशी लाकडी मोर उभा केला आहे. डोकं त्याच्या चोचीला लागलं तरच गाडीत प्रवेश. चोचीखाली पांढरी पट्टी रंगवली आहे. लहानांना बंदी.

आज सकाळी मोराच्या पांढऱ्या पोटावर ओल्या वाळूच्या आडव्या रेघा होत्या, सगळ्या पट्टीच्या खूप खाली. पोरं डोक्यावर तळहात ठेवून उंची मोजतात ना, तशा. एक तर अगदी जमिनीलगत फरफटलेली. उद्घाटनाआधी मुलं आत येत नाहीत. रखवालदाराला विचारलं तर म्हणाला, घुशी असतील.

त्यातली एक रेघ माझ्या सदऱ्याच्या खालच्या खिशापाशी येत होती. जुन्या खोलीच्या दाराच्या चौकटीवर मी दर संक्रांतीला पेन्सिलीनं अश्लेषाची उंची मांडायचो. शेवटची खूण इथवरच होती. खिशातली लिमलेटची गोळी तिला हात वर न करता काढता यायची.

हे मी कशाला लिहितो आहे!

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिच्या शेवटच्या बोरन्हाणाला सुधानं काळा फ्रॉक शिवला होता. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा डोक्यावरून ओतला आणि शाळेची सगळी पोरं वेचायला तुटून पडली. ही मधे बसून टाळ्या पिटत होती. पहिलीच्या वर्गासाठी मी एक गाणं केलं होतं, ते मोठ्यानं म्हणत होती, ‘उंच गेला झोका, आभाळाला ठोका, खाली आला झोका, आईला मुका.’ ‘झोका’ म्हणता येत नव्हतं. ‘दोका’ म्हणायची. पुढच्या महिन्यात गोवर आला.

आज इंदापूरच्या बाजारातून काळा फ्रॉक आणला, चार वर्षांच्या मापाचा. दुकानदारानं विचारलं, नात का? मी हो म्हटलं. मोरापाशी फ्रॉक ठेवला, बोरं, करवे आणि हलवा ओतला आणि कुणी बघायच्या आत खोलीत आलो.

१५ जानेवारी

बोरांच्या बिया नीट ओळीत लावून ठेवल्या आहेत. फ्रॉक नाही. बाकीच्या रेघा होत्या तिथंच. खिशाजवळची मात्र बोटभर वर सरकली आहे.

१७ जानेवारी, शुक्रवार

तानूबाई इथं स्वयंपाकाला आहेत. जुन्या गावच्याच. पुनर्वसनात त्यांना माळावर जागा मिळाली, मला बदली मिळाली. पहिल्या दिवसापासून त्या मला गुरुजीच म्हणतात. आज भाकरी टाकता टाकता त्यांनी सगळं सांगितलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

गेल्या वैशाखात पाणी हटलं, नदीकाठची पोरांची जागा उघडी पडली. लहान लेकरं जाळत नाहीत, पुरतात. आमच्या गावाची ती जागा घाटाच्या खालच्या अंगाला होती. ऋषिराजच्या माणसांनी तिथलीच वाळू भरली. तानूबाई आडव्या गेल्या. वाळूला काय नाव लिहिलेलं असतं का मावशे, असं त्या माणसांनी हसून विचारलं. बांधकामाला वापरून उरलेला ढीग त्या नळीत गेला. त्यांचा लेक झुंबर त्यात आहे, आठ महिन्यांचा. उभं राहायलाही शिकला नव्हता. जमिनीलगतची रेघ कुणाची ते मला विचारावं लागलं नाही.

आमची अश्लेषाही त्यातच. वाळे काढू दिले नव्हते सुधानं, तशीच ठेवली होती तिला.

तानूबाईंचं मागणं एवढंच, खांबांना खालून झाकणं हायती म्हणं, रणजितच सांगत हुता. ती खोलून वाळू मोकळी करावी, परत नदीला न्यावी. ‘मालक माझं न्हाय ऐकायचा, गुरुजी. तुमच्या पाया पडतो त्यो. तुमी सांगा. निजू द्या लेकरांस्नी.’

उद्या सांगतो म्हणालो.

१८ जानेवारी, शनिवार

आणखी दोन बोटं. खिशाच्या पार वर.

पन्नास वर्षं तिची उंची जिथल्या तिथं थांबली होती. चौकट बुडाली, खूण बुडाली, सुधा त्या एका मापाचं दुःख उशाशी घेऊन गेली. आणि आता माझी मुलगी वाढते आहे. रोज वाढते आहे. झाकणं खोलली की –

ऋषिराजकडे गेलो होतो. चहा प्यालो. पाट्यांची अक्षरं किती ठळक हवीत यावर बोललो. फोन कानाशी धरून तो मान हलवत होता. उठताना त्यानं विचारलंसुद्धा, सर, आणखी काही?

काही नाही म्हणालो.

तानूबाईंना सांगितलं, तो नाही म्हणतो.

त्यांनी तव्यावरची भाकरी करपू दिली.

२० जानेवारी, सोमवार

पहाटेची रिकामी गाडी आता रणजितला ब्रेकवर आवरत नाही. दुपारी सगळे रूळ तपासले, चाकं तपासली. दोष नाही. चेष्टा करायचं त्यानं सोडलं आहे. पुढच्या रांगेतली जागा गरम असते म्हणाला. एकच. दोघांच्या बाकड्यावरची डावी.

उजवीकडचा मांडीवरचा दांडा आपोआप उघडा राहतो.

मोराशी उभं राहून गाणं म्हटलं. वर कड्यातून कुणीतरी पुढची ओळ म्हटली. ‘दोका’ नव्हतं त्यात. झोका. स्वच्छ.

२२ जानेवारी, बुधवार

तानूबाई काम सोडून गेल्या. जाताना मोराच्या पायथ्याशी वाटीभर दूध ठेवलं आणि जमिनीवर हात फिरवला, बाळाच्या पाठीवर फिरवावा तसा. मला म्हणाल्या, ‘तुमी इचारलंच न्हाय त्याला. माझ्या तोंडाकडं बगा आन् सांगा इचारलं म्हून.’ मी पाण्याकडे बघत राहिलो. मग म्हणाल्या, तुमची चालती व्हती, गुरुजी. माझं अजून रांगतंय.

मास्तर म्हणून उभी हयात मी पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या.

आज रेघ पट्टीच्या दोन बोटं खाली.

२३ जानेवारी

पट्टीला लागली. प्रवेश मिळेल आता. दिवसभर मी वेड्यासारखा खूश. लिमलेटच्या गोळ्या आणल्या. खोलीच्या दाराला आतून वर कडी आहे, खाली कडी नाही, फटीतून तिचा हात तिथवर पुरायचा नाही म्हणून कडी न लावता दार नुसतं लोटून ठेवलं.

कोणी आलं नाही.

२४ जानेवारी, शुक्रवार

चोचीच्या वर.

एका रात्रीत एवढी? तुऱ्याच्या वर. माझ्या खांद्याएवढी. रेघ आता वाळूची नाही, ओली, दाट, आणि तिच्यात एक लांब केस अडकला आहे.

पांढरा आहे.

माझाच असेल. रणजितला दाखवला, तो मागं सरला. संध्याकाळी हिशेब न मागता गावी निघून गेला. ऋषिराज म्हणतो पुण्याहून दुसरा माणूस येतोय, सर तुम्ही फक्त माइकवर छान बोला, पहिल्या फेरीत पुढं तुम्हीच बसा, माझे गुरुजी म्हणून. उजवीकडे बसा म्हणाला.

का उजवीकडे? – फोटोसाठी.

२५ जानेवारी

वाढ थांबत नाही. मी हे मागितलं नव्हतं – मला चार वर्षांची – फार तर पाच –

ऋषिराजला फोन केला. वाळूचं सांगितलं, सगळं. हसला. सर, उद्यापर्यंत थांबा, उद्घाटनानंतर बघू. तानूबाई केवढ्या साध्या होत्या. यानं खरंच नाही म्हटलं असतं. की मी तेव्हा विचारलं असतं तर –

दाराला कडी लावली. वरची.

२६ जानेवारी. उजाडतंय

धुकं. स्पीकरवर देशभक्तीची गाणी. साखळी सुरू झाली आहे, टक टक टक, आणि चालवायला तर कोणी नाही. नवा माणूस दहाला येणार.

गाडी आली. थांबली. एक दांडा उघडल्याचा आवाज.

खुळखुळ. पण जड. खडे फुटल्यासारखी. फलाट – पायऱ्या उतरून – माझ्या भिंतीच्या कडेनं –

दार वाजलं. खालून नाही. वर, माझ्या कानाएवढ्या उंचीवर.

फटीतून पाहिलं.

एक बाई. चोपन्न-पंचावन्नची. केस पिकलेले, ओले. कपाळ सुधाचं, तेच, आजारपणातलं. अंगाला पाणी आणि वाळू. मी ओळखत नाही हिला. मी हिचं काहीच केलं नाही, शाळा नाही, लग्न नाही, हिला कधी –

डाव्या घोट्यात चिमुकला वाळा. मांसात पार रुतलेला. वरून कातडी आली आहे.

हातात तो काळा फ्रॉक. नीट घडी घातलेला. परत आणला आहे.

म्हणते, नाना, हा होत नाही मला. आवाज चार वर्षांचा. म्हणते, आता तुमी चला, मी उंच झाले ना. उजवीकडची जागा धरून ठेवली आहे म्हणते –

तानूबाईंना कुणी सांगा – मी विचारलं नव्हतं – झाकणं खोला – झुंबरला तरी –

कडी मी आतून लावली होती. तिचा हात फटीतून वर येतो आहे, पुरतो आहे, कडीपर्यंत पुर