तुझ्या मामीचा नंबर चौथा

चि. भाचीबाईस मामाचे भरपूर आशीर्वाद.

तुझी सर्दी गेली का? जावयांची कंबर कशी आहे? सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी निघाली का? आणि माझी बहीण, म्हणजे तुझी आई, गोळ्या घेते की उशीखाली साठवते? इकडे मी ठणठणीत (कानांचं सोडून). मामी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आतल्या खोलीत पडून असते आणि शेजारच्या घड्याळजीचं कौतुक करते.

तू पाठवलेल्या त्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर मी तिच्यासाठी घंटी केली. तिने उशाशी बटण दाबायचं, माझ्या खोलीत घंटी वाजायची. (पुस्तक वाचून, कुणालाही न विचारता.) पहिल्या दिवशी बटणाची पिन (तार जोडायची जागा) चुकून इनपुटऐवजी आउटपुट केली गेली. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकला नि म्हणाला, "मास्तर, कान हवा तिथे तोंड बसवलंत." मामी टाके दुखेपर्यंत हसली. माझ्या विनोदांना ती पस्तीस वर्षांत अशी हसलेली नाही (मी लक्ष ठेवून असतो).

ते सुधारलं. पण यंत्र रिकामं का ठेवा, म्हणून त्याला पाण्याची टाकी, कुंड्यांची ओल आणि व्हरांड्यातला दिवाही बघायला लावला. मी जन्मभर तिकीटखिडकीवर बसलेला माणूस. सगळ्यांना रांगेत उभं केलं. एकेकाकडे मिनिटभर बघायचं, मग पुढचा. मामीचा नंबर चौथा. परवा तिला पाणी हवं होतं, तेव्हा यंत्र कुंडीची विचारपूस करत होतं. शेवटी तिने खिडकीतून हाक मारली. ती मला नाही, घड्याळजीला ऐकू गेली. घंटी वाजल्यावर मी तांब्या घेऊन पोचलो, तर हा पाणी पाजून, पेला विसळून, वर माझ्या खुर्चीत.

म्हणतो, "वहिनींना इंटरप्टची पिन द्या. बटण दाबलं की यंत्र हातातलं काम टाकून धावेल." म्हणजे रांग मोडायची. मी मोठमोठ्या साहेबांना मोडू दिली नाही. मी सांगितलं, या बोर्डावर तसली पिन नसतेच. मत्सर वगैरे काही नाही हो. डोळ्याला भिंग लावलं की कुणीही हुशार दिसतो.

असो. सवडीने लिही.

तुझा मामा

ता. क. सवडीने नको. इंटरप्टला कोणती पिन घ्यायची आणि प्रोग्रॅममध्ये काय लिहायचं ते कळव. मामीला सांगू नकोस.

ता. क. २. आत्ता घंटी वाजली (तीन मिनिटं बटण दाबून धरलं होतं म्हणे). तिला काही नको होतं. घड्याळजीने सगळं कागदावर लिहून दिलंय, तो कागद परवापासून तिच्या उशीखाली आहे. यंत्राला मात्र तिने त्याला हात लावू दिला नाही. "हेच करतील," म्हणाली. कागद मी वाचलेला नाही. मला ते तुझ्याकडूनच कळायला हवं. तोवर माझी खुर्ची तिच्या पलंगाशी आणून टाकली आहे, हातातलं टाकून उठायला बरं पडतं. पाठ दुखते. लवकर उत्तर धाड.